मे महिन्यात चंद्रपूर? हो, सोमनाथच्या छावणीला!

आधी एक सांगते, सोमनाथ म्हणजे गुजरातमधलं नाही. हे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, मूल तालुक्यात मारोडा गावाजवळचं. बाबा आमटेंनी आनंदवन सुरू केलं १९५१ ला वरोऱ्याजवळ, आणि सोमनाथ १९६७ ला. कुष्ठरोगातून बरे झालेले पण घरच्यांनी परत न घेतलेले लोक इथे आले आणि जंगलाला लागून असलेल्या जमिनीवर त्यांनी भातशेती उभी केली. बाबांना इथे श्रमिक विद्यापीठ काढायचं होतं, म्हणजे तरुण मुलामुलींनी हातानं काम करता करता शिकायचं, त्याच विचारातून श्रमसंस्कार छावणी सुरू झाली आणि साठच्या दशकाच्या शेवटापासून महाराष्ट्रातल्या किती पिढ्या तिथे टिकाव मारून आल्या असतील! माझी मावशी ऐंशीच्या दशकात कॉलेजात असताना गेलेली, अजूनही घरात कुणी काम टाळलं की ती छावणीचं नाव काढते, त्यामुळे मला लहानपणापासूनच जायचं होतं. यंदा माझी रूममेट पण तयार झाली आणि आम्ही दोघींनी फॉर्म भरला.

पोचलो तो दिवस

कोल्हापूर ते वर्धा ट्रेन, पुढे चंद्रपूर, तिथून मूलला एसटी. प्रवास लांबलचक आहे पण त्यात सांगण्यासारखं काही नाही, खिडकीतून येणारी हवा वर्ध्यानंतर बदलते एवढंच, कोल्हापुरात उन्हाळा म्हणजे घाम, इथे घामसुद्धा येत नाही, अंगावर आला की लगेच वाळतो. चंद्रपूर सोडलं की मात्र रस्ता बघण्यासारखा आहे. दोन्ही बाजूला धानाच्या रिकाम्या बांध्या (भाताची खाचरं), मधेमधे मोहाची झाडं, आणि सायकलवर तेंदूपानांचे गठ्ठे लादून चाललेली माणसं. मे म्हणजे तेंदूपानांचा हंगाम, पहाटे जंगलात जायचं, ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची, दिवसभर बसून पुडके बांधायचे. आमच्या शेजारी बसलेल्या मावशी तेच करून आलेल्या, बोटं काळी झालेली. मी विचारलं वाघाची भीती नाही वाटत का, तर म्हणाल्या, "वाटते नं बाई, पण शाळेची फी वाघ भरन काय?" मी काहीच बोलू शकले नाही. हा सगळा पट्टा ताडोब्याच्या जंगलाला लागून आहे आणि तेंदूच्या, मोहाच्या दिवसांत इथे खरंच माणसं मारली जातात.

छावणीत पोचल्यावर नावनोंदणी, गट पाडणं वगैरे झालं. गट मुद्दाम मिसळतात, मी आणि रूममेट वेगळ्या गटात गेलो, आधी वाईट वाटलं पण हेच बरोबर आहे. माझ्या गटात उदगीरचा एक मुलगा (घरची शेती, स्वतः बीएससी ॲग्री करतोय), पुण्याचा एक इंजिनीअरिंगवाला, गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडची एक गोंड मुलगी जिला आम्ही लगेच ताई म्हणायला लागलो कारण ती होतीच तशी, नाशिकच्या दोघी नर्सिंगच्या, आणि असे बाकीचे. गटाचा लीडर रोज बदलायचा असं आमचं ठरलं, म्हणजे प्रत्येकाला संधी.

टीप: स्वतःचं ताट-वाटी-पेला, अंथरूण, मच्छरदाणी न्या. टॉर्च हवाच, विंचू असतात. रात्री एकट्यानं अंधारात कुठे जायचं नाही, बिबट्या आसपास फिरतो आणि तिथले लोक हे घाबरवायला सांगत नाहीत.

पहिली सकाळ, बोडीवर

पहाटे उठवतात, अंधारच असतो. प्रार्थना, थोडा व्यायाम, आणि उजाडायला लागलं की टिकाव, फावडी, घमेली घेऊन निघायचं. आमच्या गटाला काम होतं बोडीतला गाळ काढायचं. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला असलेलं छोटं तळं, पावसाचं पाणी त्यात साठतं आणि धानाला गरज पडली की खाली सोडतात. पूर्व विदर्भात हे जागोजाग दिसतं, मोठे असतील तर त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारे जमीनदार. गोंड राजांच्या काळापासून लोकांनी बांधलेले हजारो तलाव आहेत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात. मालगुजारी १९५० नंतर गेली, तलाव सरकारकडे आले, आणि बऱ्याच ठिकाणी गाळ काढायला कुणी उरलं नाही. हे सगळं मला तिथल्या एका काकांनी सांगितलं, तेही काम चालू असताना, हात न थांबवता.

या काकांबद्दल लिहायलाच हवं. ते लहानपणी कुष्ठरोग झाला म्हणून घरातून निघाले, आनंदवनात बरे झाले, आणि मग सोमनाथला आले ते कायमचे. दोन्ही हातांची बोटं आखूड झालेली, टिकावाच्या दांड्याला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळून ते धरतात आणि आमच्यातल्या कुणापेक्षाही सरळ चर मारतात. मी तिथे जाताना मनात कुठेतरी होतं की आपण या लोकांसाठी काहीतरी करायला चाललोय. पहिल्या तासाभरात दिसलं की इथे शिकवणारे ते आणि शिकणारे आम्ही. टिकाव खांद्यातून नाही कमरेतून मारायचा, घमेलं पोटाशी धरून पुढे द्यायचं, पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं, हे सगळं त्यांनी प्रत्येकाजवळ येऊन दाखवलं.

त्या दिवशी लीडर पुण्याचा मुलगा होता. उत्साह भरपूर, पुढे उभा राहून घोषणा देत होता, शेजारच्या गटापेक्षा जास्त घमेली झाली पाहिजेत म्हणून मोजत होता, आणि आम्ही सगळे खरंच जोरात होतो. पण आठ वाजेपर्यंत नाशिकच्या एकीला चक्कर आली आणि मागोमाग अजून एक जण सावलीत जाऊन बसला. घमेली हातोहात पुढे द्यायला आमची साखळी केलेली, त्या साखळीत मधे भोकं पडली की बाकीच्यांना दोन पावलं जास्त चालावं लागतं, ते अजून दमतात, असं होत गेलं.

नाश्त्याला पोहे आणि नंतर कैरीचं पन्हं, त्या पन्ह्याची चव अजून जिभेवर आहे.

संध्याकाळी ते काका आमच्या खोलीकडे आले आणि म्हणाले, हात दाखवा. सगळ्यांनी तळवे पुढे केले. कुणाला फोड, कुणाला सालटं निघालेलं, उदगीरच्या मुलाचे तेवढे ठीक. त्यांनी एकेकाचा हात उजेडात धरून बघितला, फोड फोडू नका म्हणाले, स्वच्छ धुवून पट्टी बांधायला लावली. मग स्वतःचे हात दाखवले आणि सांगितलं की ते रोज झोपायच्या आधी हात-पाय असेच तपासतात, कारण संवेदना गेलेली असली की काटा लागला, भाजलं तरी कळत नाही, आणि न कळलेली जखमच माणसाचं बोट घेऊन जाते. "मले दुखत नाही, म्हणून मले पाहाच लागते. तुम्हाले दुखते, तरी तुम्ही पाहात नाही."

मी हे वाक्य तसंच्या तसं वहीत लिहून ठेवलं.

दुसरा दिवस

सकाळी परत बोडी, आणि आज लीडर उदगीरचा मुलगा. हा फार बोलतच नाही. काम सुरू व्हायच्या आधी तो साखळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि माणसं हलवली. उंच दोघे पाळीच्या (म्हणजे बोडीच्या बांधाच्या) चढावर, कारण तिथे घमेलं वर द्यावं लागतं. आदल्या दिवशी चक्कर आलेलीला रिकामी घमेली परत पाठवायच्या बाजूला, म्हणजे ती कामातही राहिली आणि वजनही नाही. थोड्या थोड्या वेळानं सगळ्यांनी तोंड फिरवायचं, म्हणजे एकाच खांद्यावर ताण येत नाही. आणि पाण्याची घागर त्यानं साखळीच्या मधोमध ठेवली, आदल्या दिवशी ती लांब झाडाखाली होती. एवढंच केलं त्यानं! ना घोषणा ना मोजणी. त्या दिवशी कुणी बसलं नाही आणि गाळ जास्त निघाला. पुण्याच्या मुलाचं मला कौतुक वाटतं, तो मधल्या सुट्टीत उदगीरच्या मुलाकडे गेला आणि हे कुठे शिकलास म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "आमच्याकडं सोयाबीन काढताना आई असंच लावते बायांना."

मी कॉलेजात लीडरशिपच्या दोन-तीन वर्कशॉप केल्यात, पीपीटी बघितल्यात, सर्टिफिकेटं आहेत. घागर कुठे ठेवायची हे तिथे कुणी शिकवलं नव्हतं आणि मला आता मनापासून वाटतं की सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

दुपारच्या सत्रात एक डॉक्टर आले होते, कुष्ठरोगावर बोलले. हॅन्सन या नॉर्वेच्या डॉक्टरांनी १८७३ मध्ये याचा जंतू शोधला, म्हणजे हा शाप नाही, आनुवंशिकही नाही, हे कळून दीडशे वर्षं झाली. हात लावल्यानं होत नाही. अनेक औषधं एकत्र द्यायची पद्धत ऐंशीच्या दशकात आली, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर घ्यायची की माणूस पूर्ण बरा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आणि तिथे स्पर्श कळत नाही असं दिसलं तर लगेच दाखवा, लवकर कळलं तर बोटंबिटं काही जात नाहीत. आणि एक गोष्ट ऐकून तर सगळा हॉल गप्प झाला, आपल्या विवाह कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत लिहिलेलं होतं, तेव्हा कुठे दुरुस्ती झाली. दोन हजार एकोणीस! मी तेव्हा शाळेत होते.

टीप: ऊन म्हणजे ऊन आहे, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. फुल बाह्यांचे सुती कपडे, डोक्याला पंचा, जाड सोलचे बूट. ओआरएसची पाकिटं न्या, संपली तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. जीन्स अजिबात नेऊ नका.

तिसरा आणि चौथा

हे दोन दिवस एकातएक मिसळलेत माझ्या डोक्यात. सकाळी काम, दुपारी सत्र, संध्याकाळी खेळ. हात तपासणं आमच्या गटानं सुरू ठेवलं, काका आले नाहीत तरी, त्या दिवशीचा लीडर सगळ्यांचे तळवे बघायचा, मग हळूहळू तळव्यांबरोबर बाकीचंही बाहेर यायला लागलं, कुणाला घरची आठवण येतेय, कुणाचं पोट बिघडलंय आणि लाजेनं सांगितलं नाही, असं.

एका रात्री एक साठीच्या पुढचे गृहस्थ बोलले, बाबांच्या भारत जोडो यात्रेत सायकल चालवलेले. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून निघाले आणि पार काश्मीरपर्यंत, सुमारे पाच हजार किलोमीटर, शंभरावर तरुण-तरुणी. देशात तेव्हा काय काळ होता ते त्यांनी सांगितलं, इंदिरा गांधींची हत्या आणि दिल्लीतली कत्तल वर्षभरापूर्वीची, पंजाब पेटलेला. बाबांच्या मणक्याचा त्रास एवढा की त्यांना बसताच येत नसे, एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं, त्यामुळे ते गाडीत झोपून बरोबर होते. मला सगळ्यात लक्षात राहिलं ते वेगळंच, त्यांनी सांगितलं की गट सगळ्यात हळू चालवणाऱ्याच्या वेगानं जायचा, आणि जोरात चालवणाऱ्यांना मागे ठेवायचे, पंक्चर काढायला. आमच्या उदगीरकरानं तेव्हा माझ्याकडे बघून मान हलवली.

दुसऱ्या रात्री सांस्कृतिक कार्यक्रम होता आणि अर्ध्यातच वादळ आलं. दुपारपासून हवा कोंडलेली होतीच, पण अंधारात काही दिसलं नाही, एकदम वारा सुटला, मंडपाचं कापड फडफडायला लागलं आणि लाइट गेली. कितीतरी जणांची अंथरुणं बाहेर अंगणात, उकाड्यामुळे बरेच जण बाहेरच झोपायचे. एक मिनिट सगळीकडे नुसता आरडाओरडा. मग तिथल्या दोन आज्या, सोमनाथच्याच, टॉर्च घेऊन हॉलच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीनं आवाज दिला, "साखळी करा नं पोरांनो, सकाळी करता तशी!" आणि खरंच, कुणी काही न सांगता लोक बोडीवरच्याच क्रमानं उभे राहिले, अंगणापासून हॉलपर्यंत, आणि अंथरुणं, पिशव्या, तबला, पेटी सगळं हातोहात आत गेलं. पाऊस टपोरा, पाच-दहा मिनिटांचा असेल, पण जोराचा. आत गेल्यावर अंधारातच कार्यक्रम पुढे सुरू झाला, माईकशिवाय, टाळ्यांवर, आणि मी सांगते तो आधीच्यापेक्षा भारी झाला. दुसऱ्या दिवशी सकाळची हवा काय गार!

सर्वसहमतीचा दिवस

शेवटाकडे गटचर्चा होत्या, परत गेल्यावर काय करणार यावर. आमच्यात वाद झाला. कुणी म्हणे गावात शिकवणी घेऊ, कुणी म्हणे कपडे गोळा करून वाटू. ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, आमच्या भागात दर हिवाळ्यात कुणीतरी ब्लँकेट वाटायला येतं, फोटो काढतं, पण आमची ग्रामसभा कधी असते हे आजवर एकानंही विचारलं नाही. तिनं हे रागावून म्हटलं नाही, पण सगळ्यांना लागलं.

मग तिनं तिच्या तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं सांगितलं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क, म्हणजे गावानं मिळून जंगल वापरायचा-सांभाळायचा हक्क, मिळालेलं देशातलं पहिलं गाव, २००९ साली, सुमारे अठराशे हेक्टर जंगल, आणि २०११ पासून बांबू विकायचा परवाना ग्रामसभेच्या हातात. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा आपण ऐकलेली असते, पण त्यामागची पद्धत मला माहीतच नव्हती. तिथे बहुमतानं निर्णय होत नाही. मतदान नाही. सगळ्यांना पटेपर्यंत बोलायचं, एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचं. आणि त्याआधी अभ्यासगट, म्हणजे विषय नीट समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, मग ग्रामसभेत यायचं.

आम्ही म्हटलं चला, आपण पण असंच ठरवू. विषय छोटा होता: बोडीचा एक कोपरा राहिलाय, तो शेवटच्या दिवशी संध्याकाळी जास्तीचं काम करून संपवायचा का. मतदान घेतलं असतं तर दोन मिनिटांत हो झालं असतं, फक्त नाशिकच्या दुसरीचा विरोध होता. पण नियम नियम. दीड तास बोललो. आणि तिनं हळूहळू सांगितलं की तिची पाठ दुखतेय पण तेवढंच नाही, त्या कोपऱ्यात पाण्याचा ओलावा आहे आणि तिथे बेडकांचे, खेकड्यांचे बिळं दिसली, ते सगळं उकरायचं का? कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. काकांना विचारायला गेलो तर ते म्हणाले, बरोबर आहे, तो कोपरा आम्ही दरवर्षी सोडतोच. मतदान घेतलं असतं तर आम्ही तो कोपरा उकरून मोठ्या अभिमानानं घरी आलो असतो.

शेवटी ठरलं ते वेगळंच, काढलेला गाळ पाळीवर नुसता टाकलेला होता तो पसरून चोपायचा. सगळे आले, पाठदुखीवालीसुद्धा, ती पाणी मारायला.

आनंदवन

छावणी संपली तरी लगेच घरी पळू नका. आम्ही वाटेत वरोऱ्याला उतरून आनंदवन बघितलं. हातमाग, सतरंज्या, शुभेच्छापत्रं, शाळा, सगळं लोक स्वतः चालवतात. सुरुवात कशी झाली ते तिथे सगळेच सांगतात, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, खिशात चौदा रुपये, आणि पहिलं मोठं काम विहीर खणायचं, तीही दगडाळ जमिनीत उन्हाळ्यात. आधी हे ऐकलं असतं तर पुढे गेले असते, पण हाताला फोड आलेले असताना त्या विहिरीची गोष्ट ऐकणं वेगळं आहे. बाबा २००८ ला गेले, त्यांच्या पत्नी साधनाताई २०११ ला. बाबांना तिथेच, झाडांमध्ये पुरलंय, मोठं स्मारक वगैरे काही नाही. रूममेट तिथे बराच वेळ बसली होती.

तिथे फोटो काढायचे असतील तर आधी विचारा, माणसांच्या हातांचे, चेहऱ्यांचे तर न विचारता अजिबात नको. कुणाच्या हातात पैसे ठेवू नका, तिथल्या वस्तू विकत घ्या, सतरंजी खरंच चांगली आहे, आईनं लगेच हॉलमध्ये टाकली.

परत आल्यापासून आमच्या गटाचा रविवारी व्हिडिओ कॉल असतो. पुण्याच्या मुलानं त्याच्या सोसायटीच्या मागच्या टेकडीवर पाच-सहा जण गोळा केलेत, पावसाआधी चर खणायला, आणि घागर मधे ठेवल्याचा फोटो पाठवलाय. मी आणि रूममेट येत्या ग्रामसभेला माझ्या मामाच्या गावी जाणार आहोत, मामा त्या गावात जन्मापासून राहतो पण एकदाही ग्रामसभेला गेलेला नाही, तोही येतो म्हणालाय. ताईनं सांगितलंय की पहिल्यांदा जाल तेव्हा काही बोलू नका, फक्त कोण बोलत नाहीये ते बघा.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: छावणी मे महिन्याच्या मध्याला असते, फॉर्मची चौकशी मार्च-एप्रिलमध्येच महारोगी सेवा समितीकडे (आनंदवन, सोमनाथ चालवणारी बाबांची संस्था) करा, ट्रेनचं बुकिंगही तेव्हाच, कारण मे महिन्यात विदर्भाच्या गाड्या भरलेल्या असतात. मैत्रिणींबरोबर जा पण एकाच गटात राहायचा हट्ट करू नका. नेटवर्क अधूनमधून येतं, घरी तसं सांगून ठेवा. आणि परतीचं तिकीट एक दिवस उशिराचं काढा, आनंदवनासाठी.